स्टॅटिनची गोळी रक्तात काही विरघळवत नाही! – पेशीत बिघाड कुठे आहे हे शोधताना सापडलेली औषधं

निळीशाई (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. परवा आठवड्याच्या गोळ्या डबीत भरताना बाबांनी विचारलं, "ही गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवते ना गं?" सात वर्षं ते स्टॅटिन घेताहेत. मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते, माझा सगळा दिवस पेशींच्या ताटल्यांसोबत जातो, आणि घरच्याच माणसाला हे कधी नीट सांगितलं नाही याची रुखरुख लागली. त्यांना जे सांगितलं तेच जरा विस्ताराने इथे लिहिते.

स्टॅटिन रक्तात काहीच विरघळवत नाही. ती यकृताच्या पेशीत जाते आणि कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम, एचएमजी-कोए रिडक्टेज, अडवते. त्यामुळे पेशीला आतल्या आत कोलेस्टेरॉलची चणचण भासू लागते. मग पेशी बाहेरून माल आणायची सोय वाढवते, म्हणजे एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण पकडणारे रिसेप्टर आपल्या पृष्ठभागावर जास्त संख्येने आणून बसवते. हे रिसेप्टर रक्तातून जाणारे कण धरून आत ओढतात. रिपोर्टमध्ये एलडीएल उतरलेलं दिसतं ते मुख्यतः यामुळे.

हे कळलं कसं, तो भाग मला सगळ्यात आवडतो. काही मुलांना जन्मापासूनच एलडीएल इतरांच्या सहा ते दहा पट असतं आणि लहान वयातच हृदयविकाराचा झटका येतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष जनुक आलेली ही मुलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी ताटलीत वाढवल्या. आजार रक्ताचा, हृदयाचा, आणि हे बघत होते त्वचेच्या पेशी!

निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवतात. बाहेरून मिळतंय तर आत कशाला बनवा. या रुग्णांच्या पेशी मात्र एलडीएलच्या द्रवात बुडालेल्या असूनही बनवतच राहिल्या. म्हणजे थांबवणारी यंत्रणाच बिघडली आहे का? तसं वाटणं साहजिक होतं. मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं. अशा रूपात ते पेशीपटलातून थेट आत शिरतं. आणि रुग्णांच्या पेशींनी उत्पादन थांबवलं! आतली यंत्रणा शाबूत होती, बिघाड दारात होता. किरणोत्सारी आयोडीन लावलेलं एलडीएल वापरून त्यांनी 1974 मध्ये दाखवून दिलं की निरोगी पेशींवर ते चिकटतं, या मुलांच्या पेशींवर चिकटत नाही. 1985 चं नोबेल या कामाला मिळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आजाराला आपण अवयवाचं नाव देतो, हृदयाचा, फुप्फुसाचा, रक्ताचा. पण औषध हाती लागतं तेव्हा बहुतेक वेळा आधी कुणीतरी पेशीत शिरून गाडी नेमकी कुठल्या फाटकाशी अडली आहे हे शोधलेलं असतं. "काय बिघडलं" याच्या जोडीला "कुठे बिघडलं" हा प्रश्न विचारावा लागतो. तुमच्या माहितीतली अशी उदाहरणं लिहा. शंकाही विचारा, जमेल तितकी उत्तरं देईन.

दवबिंदू

अल्कोहोलमधल्या कोलेस्टेरॉलचा प्रयोग वाचून अंगावर काटा आला. किती साधी युक्ती! एक शंका: ज्या मुलांच्या पेशींवर हे रिसेप्टरच नाहीत, त्यांना स्टॅटिनचा काय उपयोग?

निळीशाई

दवबिंदू, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ज्यांच्याकडे रिसेप्टर अजिबात नाहीत त्यांच्यात स्टॅटिनचा परिणाम फारच थोडा होतो, आणि औषध रिसेप्टरमार्फतच काम करतं याचा तो एक भक्कम पुरावा आहे. 1984 मध्ये अशा एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयासोबत नवीन यकृतही बसवलं गेलं. नव्या यकृताच्या पेशींवर रिसेप्टर होते. तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आलं.

आणखी एक प्रकार सापडला तो तर विलक्षण होता. एका रुग्णाच्या पेशींवर रिसेप्टर होते, एलडीएल त्यांना चिकटतही होतं, पण आत जात नव्हतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीपटलाला ठिकठिकाणी छोटे खळगे असतात. निरोगी पेशीत रिसेप्टर या खळग्यांत गोळा होतात, खळगा आत ओढला जातो, त्याची पिशवी बनते आणि माल आत पोहोचतो. या रुग्णाचे रिसेप्टर खळग्यांत न जमता पृष्ठभागावर विखुरलेले राहिले होते. दार होतं, पण चुकीच्या भिंतीला. पेशी बाहेरच्या वस्तू आत कशा घेते याची पाठ्यपुस्तकातली आकृती आपण बघतो, ती स्पष्ट होण्यात या बिघाडाचा मोठा वाटा आहे.

आतली पिशवी आम्लधर्मी झाली की रिसेप्टर एलडीएलला सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर परततो. एक फेरी साधारण 10 मिनिटांची. एलडीएल पुढे लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या मोडतोड करणाऱ्या पिशवीत, जातं आणि तिथे मोडलं जातं.

कातरवेळ

या परतीच्या फेरीवरच पुढचं औषध बेतलेलं आहे, म्हणून भर घालतो. पीसीएसके9 नावाचं एक प्रथिन यकृताच्या पेशी स्वतःच बाहेर सोडतात. ते रिसेप्टरला चिकटलं की रिसेप्टर परत येत नाही, एलडीएलसोबत तोही लयकारिकेत जाऊन नष्ट होतो. 2003 मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या जनुकाचा अति सक्रिय प्रकार सापडला, त्या लोकांचं एलडीएल जास्त होतं. नंतर डॅलसमध्येच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना उलट प्रकार सापडला: काही लोकांत हे जनुक नीट काम करत नव्हतं, त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहिलं आणि हृदयविकारही बराच कमी आढळला. मग या प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झाली, 2015 मध्ये अशी दोन इंजेक्शनं मंजूर झाली.

गंमतीचा नव्हे, महत्त्वाचा भाग असा की पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की जो संदेश रिसेप्टर बनवायला सांगतो, तोच पीसीएसके9 ही बनवायला सांगतो. म्हणजे स्टॅटिन एका हाताने देते आणि थोडं दुसऱ्या हाताने काढून घेते. डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण 6 टक्केच उतरतं, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

अबोली

निळीशाईताई, मी शाळेत विज्ञान शिकवते. लयकारिका म्हणजे "आत्मघाती पिशव्या" एवढं वाक्य मुलं पाठ करतात आणि एक गुण मिळवतात. त्यापुढे काय सांगावं? या पिशव्यांचा आजारांशी संबंध आहे का?

निळीशाई

अबोलीताई, हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं, कारण "आत्मघाती" या शब्दाने लयकारिकेवर अन्याय होतो. तिचं रोजचं काम मोडतोड करून कच्चा माल पेशीला परत देण्याचं आहे. ते थांबलं की काय होतं ते पाहा.

आधी शोधाची गोष्ट, ती मुलांना नक्की सांगा. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दूव्ह इन्सुलिन यकृतावर कसं काम करतं याचा अभ्यास करत होते. सोबत तुलनेसाठी म्हणून ॲसिड फॉस्फटेज नावाचं एक एन्झाइम मोजत होते. ताज्या नमुन्यात ते अगदीच कमी निघालं. तोच नमुना पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा मोजला तर भरपूर! एन्झाइम आपोआप वाढणार कसं? ते आधीपासूनच होतं, पटलाच्या पिशवीत बंद होतं, आणि ठेवून ठेवून पिशव्या फुटल्यावर बाहेर आलं. मोजमाप चुकलं असेल म्हणून तो आकडा त्यांनी टाकून दिला असता तर? 1955 मध्ये त्या पिशवीला लायसोसोम, म्हणजे आपली लयकारिका, हे नाव मिळालं.

आता आजार. या पिशवीत पन्नासेक प्रकारची पाचक एन्झाइम असतात. त्यातलं एखादं जन्मतः नसेल तर ते ज्याला मोडतं तो पदार्थ साचत जातो. हर्लर आणि हंटर या दोन आजारांत साखरेच्या लांब साखळ्या साचतात, मुलांची वाढ, सांधे, हृदय सगळ्यावर परिणाम होतो. 1968 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्लरच्या रुग्णाच्या पेशी आणि हंटरच्या रुग्णाच्या पेशी एकाच ताटलीत एकत्र वाढवल्या. दोन्ही आजारी. आणि एकत्र ठेवल्यावर दोन्हींतला साठा कमी झाला, दोन्ही सुधारल्या!

याचा अर्थ मुलांनाच काढू द्या, वर्गात पाच मिनिटं पुरतील. हर्लरच्या पेशीत जे एन्झाइम नाही ते हंटरच्या पेशीत आहे, आणि उलट. पेशी थोडं एन्झाइम बाहेर सोडतात, शेजारची पेशी ते उचलते आणि ते थेट तिच्या लयकारिकेत पोहोचतं. म्हणजेच एन्झाइम बाहेरून दिलं तरी ते योग्य जागी जाऊ शकतं. एन्झाइम शिरेतून देण्याच्या उपचारांना याच निरीक्षणाने बळ मिळालं.

पुढे कळलं की एन्झाइमवर पत्त्याची एक चिठ्ठी असते, साखरेच्या एका रेणूवर फॉस्फेट लावलेली, मॅनोज-6-फॉस्फेट. ही चिठ्ठी पाहून पेशी त्याला लयकारिकेकडे पाठवते. एका आजारात चिठ्ठी लावणारी यंत्रणाच नसते. तिथे एन्झाइम सगळी बनतात, पण पत्त्याविना पेशीबाहेर वाहून जातात. आजाराच्या मुळाशी "कमतरता" नसून चुकीचा पत्ता असू शकतो हे मला तरी या उदाहरणाने पटलं.

गोशे या अशाच साठ्याच्या आजारावरचं पहिलं एन्झाइम 1991 मध्ये मंजूर झालं. ते मानवी वारेतून काढत असत. नुसतं दिलं तर ते हव्या त्या पेशींत पुरेसं जात नव्हतं. मग त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटून मॅनोज उघडं केलं, कारण ज्या भक्षक पेशींत साठा होतो त्यांच्या पृष्ठभागावर मॅनोज ओळखणारे रिसेप्टर असतात. इथेही पत्ता बदलल्यावर औषध लागू पडलं. मात्र शिरेतून दिलेलं एन्झाइम रक्त आणि मेंदू यांमधला अडसर ओलांडत नाही, त्यामुळे ज्या प्रकारांत मेंदूवर परिणाम होतो तिथे हा उपचार तोकडा पडतो. हेही मुलांना सांगावं असं मला वाटतं.

अबोली

उद्याच्या तासाला हेच घेणार. मनापासून धन्यवाद.

रानवाटा

धागा सुंदर चाललाय, पण एक दुखरी बाजू मांडतो. माझ्या मावशीला कर्करोग झाला तेव्हा कुणीतरी एका अर्काची जाहिरात आणून दिली. "प्रयोगशाळेत सिद्ध, कर्कपेशी मरतात." सोबत रंगीत फोटो, पेशींचेच. घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि उपचार दोन महिने लांबले. ते दोन महिने परत मिळाले नाहीत. तेव्हापासून "पेशींवर प्रयोग यशस्वी" अशी बातमी दिसली की मला राग येतो. ताटलीतल्या पेशींवरून माणसाबद्दल बोलायचा हक्क कुणाला आहे का?

निळीशाई

रानवाटा, मावशींचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग योग्य आहे. ताटलीतल्या पेशी मारणं अतिशय सोपं आहे. मीठ जास्त झालं तरी त्या मरतात, मी इन्क्युबेटरचं दार नीट लावायला विसरले तरी मरतात. प्रश्न असा असतो की त्याच मात्रेत निरोगी पेशी जगतात का, ती मात्रा रक्तात गाठता येते का, आणि पदार्थ गाठीपर्यंत पोहोचतो का. जाहिरातीत यातलं एकही उत्तर नसतं.

आमच्या क्षेत्राचाही दोष आहे. कित्येक प्रयोगशाळांत एका नावाने वाढवलेल्या पेशी प्रत्यक्षात भलत्याच निघाल्या आहेत. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता, घेतलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की इतर ताटल्यांत शिरून त्यांचा ताबा घेतात. स्तनाच्या म्हणून अभ्यासलेल्या पेशी गर्भाशयमुखाच्या निघाव्यात, याहून मोठी फसगत कोणती? आता पेशींची डीएनए ओळख तपासून घेण्याचा आग्रह धरला जातो, तो आणखी कडक हवा.

कातरवेळ

रानवाटा, तुमच्या प्रश्नाला क्लोरोक्विनचं उदाहरण चपखल बसतं. 2020 च्या सुरुवातीला ताटलीत दिसलं की हे औषध कोरोना विषाणूला रोखतं. जगभर गाजावाजा झाला. ते प्रयोग व्हेरो पेशींवर होते, म्हणजे आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. या पेशींत विषाणू पिशवीतून आत शिरतो आणि ती पिशवी आम्लधर्मी झाली तरच तो पुढे सरकतो. क्लोरोक्विन ती आम्लता घालवतं, त्यामुळे विषाणू अडकतो. इथपर्यंत सगळं खरं.

पण माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस2 नावाचं एक एन्झाइम असतं. ते विषाणूचा काटा (स्पाइक प्रथिन) पृष्ठभागावरच कापतं, आणि मग विषाणूला पिशवीतल्या आम्लाची गरज उरत नाही. त्याच वर्षी फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा क्लोरोक्विनने विषाणू अडला नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत साडेचार हजारांहून जास्त रुग्णांची तुलना झाली आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणजे चुकीच्या पेशीने दिशाभूल केली, आणि योग्य पेशीने कारण सांगितलं. विषाणू कुठल्या दाराने येतो हे आधी बघितलं असतं तर बराच वेळ आणि बऱ्याच जणांची आशा वाचली असती.

रानवाटा

हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. "काम केलं नाही" एवढंच वाचलं होतं, "का" ते आज कळलं. आभार.

सूक्ष्मदृष्टी

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मी विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात आहे, दिवसाचे सहा-सात तास सूक्ष्मदर्शकासमोर. निळीशाई म्हणतात तो "कुठे" आम्ही रोज मोजतो, म्हणून राहवलं नाही.

स्तनाच्या गाठीचा नमुना आला की त्यावर काही प्रथिनांसाठी रंगचाचणी करतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. आता इस्ट्रोजेन रिसेप्टर पाहायचा तर मी फक्त केंद्रक बघते. केंद्रक तपकिरी असेल तरच तो धरायचा, कारण हा रिसेप्टर केंद्रकात बसून काम करतो. एक टक्का केंद्रकं रंगली तरी अहवाल पॉझिटिव्ह जातो आणि त्या बाईला हार्मोनविरोधी गोळ्यांचा मार्ग खुला होतो. पुढची काच हर2 ची, हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. इथे उलट. केंद्रकाकडे बघायचं नाही, पेशीद्रव्यातला रंगही सोडून द्यायचा, फक्त पेशीची कड. दहा टक्क्यांहून जास्त कर्कपेशींभोवती गडद, सलग, पूर्ण कडं दिसलं तर 3+. अशी काच सूक्ष्मदर्शकाखाली आली की जाळीदार कुंपणासारखी दिसते, एकदा पाहिली की विसरत नाही. कडं फिकट असेल तर 2+, मग जनुकाच्या प्रती मोजायला नमुना पुढे जातो.

रंग तोच, तपकिरी. एका काचेवर तो मध्यभागी हवा, दुसरीवर कडेला. कारण ट्रास्टुझुमॅब हे औषध प्रतिपिंड आहे, ते पेशीच्या बाहेरून येऊन पृष्ठभागावरच्या हर2 ला धरतं. पृष्ठभागावर काही नसेल तर ते धरणार कशाला? 1998 मध्ये ते मंजूर होण्याआधी 3+ म्हणजे वाईट बातमी होती. आता मी 3+ लिहिते तेव्हा त्या काचेमागच्या बाईसाठी एक औषध आहे हे मला माहीत असतं. काचेवर फक्त क्रमांक असतो, चेहरा नसतो, तरीही दर वेळी दोनदा बघते.

दवबिंदू

सूक्ष्मदृष्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईचा अहवाल काढून पाहिला, त्यावर ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह लिहिलंय. ते कुणीतरी असं केंद्रकं बघून लिहिलं असेल हे कधी मनातच आलं नव्हतं.

मुसाफिर

प्रथिन बनतं, पण ठिकाणावर पोहोचतच नाही असा आणखी कुठला आजार आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निळीशाई

मुसाफिर, सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांना ग्रासणारा जन्मजात आजार. सीएफटीआर नावाचं 1,480 अमिनो आम्लांचं प्रथिन, काम क्लोराइड पेशीबाहेर सोडायचं. 1989 मध्ये जनुक सापडलं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात 508 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल गळलेलं असतं. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही, आंतर्द्रव्यजालिकेतली (पेशीत प्रथिनांची घडी बसते ती जागा) तपासणी त्याला नापास करते आणि बहुतेक सगळा माल तिथेच मोडीत निघतो. पण प्रयोगात पेशी 27 अंश तापमानाला वाढवल्या तेव्हा काही प्रथिनं सुटून पृष्ठभागावर पोहोचली आणि चक्क कामही करू लागली. म्हणजे माल निकामी नव्हता, घडीला आधार हवा होता. आज घडी सावरणारी दोन औषधं आणि पोहोचलेलं दार उघडं ठेवणारं एक अशी तिहेरी गोळी 2019 पासून दिली जाते. ज्या मुलांना फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीची वाट बघावी लागायची त्यांच्यातले कित्येक आता त्याविना जगताहेत.

कातरवेळ

निळीशाई, बाबांना हे सगळं सांगितल्यावर ते काय म्हणाले?

निळीशाई

त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: "मग रात्रीच का घ्यायची?" यकृत रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवतं आणि सिम्व्हास्टॅटिनसारखी औषधं शरीरात थोडेच तास टिकतात, म्हणून ती रात्री देतात. बाबांची ॲटोर्व्हास्टॅटिन आहे, ती बराच वेळ टिकते, तिला वेळेचं बंधन नाही. तरी बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून, असं त्यांना बजावलं. मागच्या भेटीत डॉक्टरांनी डोस वाढवला होता, आणि रिसेप्टर वाढून नवा आकडा स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पुढच्या सोमवारी सहावा आठवडा पूर्ण होतोय, सकाळी रक्त द्यायला मीच त्यांच्यासोबत जाणार आहे.